जठरातील लहान अर्बुदांचे दुर्बिणीद्वारे उच्छेदन

पोटावर छेद न घेता, तोंडावाटे जठरात उतरवलेल्या दुर्बिणीतून अस्तरातील लहान अर्बुद (गाठ) काढून टाकण्याची पद्धत. आरंभावस्थेतील कर्करोग, कर्करोगपूर्व ग्रंथ्यर्बुदे (ग्रंथिपेशींच्या गाठी) आणि लहान कार्सिनॉइड गाठी (संप्रेरक स्रवणाऱ्या पेशींच्या) यांसाठी ती मुख्यतः वापरतात. स्नायुथरातून उगवणारी ‘जिस्ट’ गाठ काढताना जठराच्या भिंतीला आरपार छिद्र पडू शकते, म्हणून तिचा विचार वेगळा होतो.

पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. अस्तराखाली सलाइन टोचण्याची युक्ती रोझेनबर्ग यांनी १९५५ मध्ये मलाशयातील पॉलिपसाठी सांगितली. जठरात ती जपानमध्ये रुजली. १९८४ च्या सुमारास ताडा व सहकाऱ्यांनी सलाइनने आलेला फुगवटा तारेच्या फासात धरून कापण्याची रीत वर्णिली. तीत सुमारे २ सेंमी.पुढची गाठ बहुधा तुकड्यांत निघते आणि कडा साफ आहेत की नाही हे तुकड्यांवरून ठरत नाही. फासाऐवजी गाठीभोवती सुरी फिरवून कापण्याचे श्रेय काही लेखक हिराओ यांच्या १९८० च्या दशकातील कामाला देतात, तर काही होसोकावा व योशिदा यांच्या १९९० च्या दशकाअखेरच्या, टोकाला सिरॅमिकचा मणी असलेल्या सुरीला. भोवतालचा छेद हिराओंचाच मानणे रास्त. मात्र खालचा थर सोलून गाठ अखंड काढणे रुळले ते मण्याच्या सुरीनंतर, कारण विद्युतरोधक मण्यामुळे टोक स्नायूत शिरण्याचा धोका घटतो.

निवड लसिकाग्रंथींत प्रसार होण्याच्या शक्यतेवर ठरते. अस्तरापुरता मर्यादित, व्रण नसलेला, २ सेंमी.पर्यंतचा विभेदित (पेशी मूळ ऊतीसारख्या दिसणारा) कर्करोग हा मूळ निकष. पुढे तो सैल झाला. आता अस्तराखाली ५०० मायक्रोमीटरपेक्षा कमी खोल गेलेली, ३ सेंमी.पर्यंतची विभेदित गाठही काही अटींवर स्वीकारतात.

रुग्णाला ६ ते ८ तास उपाशी ठेवतात. इंडिगो कार्मिन हा निळा रंग शिंपडून गाठीची हद्द पाहतात व तिच्या सुमारे ५ मिमी. बाहेर डाग देऊन खुणा करतात. मग खाली सलाइन किंवा हायलुरॉनिक आम्ल टोचतात. त्यात थोडे इंडिगो कार्मिन व ॲड्रिनॅलिन असते. निळा थर दिसतो तोवर सुरी योग्य पातळीवर आहे. पांढरट स्नायू डोकावू लागला की पुन्हा टोचावे. खुणांबाहेरून छेद पुरा झाल्यावर थर सोलतात आणि वाटेतल्या रक्तवाहिन्या फुटण्याआधीच गोठवतात. फुगवण्यासाठी हवेऐवजी कार्बन डाय-ऑक्साइड बरा, कारण तो लवकर शोषला जातो. नमुना टाचण्यांनी ताणून १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात व २ मिमी.चे काप करतात. तसाच बाटलीत टाकला तर तो गुंडाळतो, कडा वाचता येत नाहीत आणि सारी मेहनत वाया जाते.

रक्तस्राव ही नेहमीची गुंतागुंत. तो बहुधा पहिल्या काही दिवसांत होतो, क्वचित दोन आठवड्यांनीही, आणि डांबरासारखे काळे शौच हे त्याचे लक्षण. छिद्र लगेच दिसले तर क्लिपांनी मिटते. जठराच्या तोंडाशी किंवा निर्गमद्वाराशी तीन-चतुर्थांशाहून अधिक घेर कापल्यास जागा आक्रसते. व्रण भरण्यासाठी आम्लरोधक गोळ्या साधारण ८ आठवडे देतात. हेलिकोबॅक्टर हा जठरातील जिवाणू आढळल्यास तोही घालवतात. गाठ खोल गेलेली किंवा रक्त-लसिकावाहिन्यांत शिरलेली निघाली, तर जठराची शस्त्रक्रिया सुचवतात. नवी गाठ दुसरीकडे उद्भवू शकते, म्हणून दरवर्षी दुर्बीण तपासणी.

भारतात जपानसारखी जठरकर्करोगाची राष्ट्रीय तपासणी मोहीम नाही. त्यामुळे ठाणे–नवी मुंबईत अशी गाठ सापडते ती बहुधा ‘ॲसिडिटी’साठी केलेल्या एंडोस्कोपीत. पहिल्या बायॉप्सीची (तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याची) स्लाइड व ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) रुग्णाने सोबत न्यावेत, मग पुढचा सल्ला खारघरच्या टाटा कर्करोग केंद्रात (ॲक्ट्रेक) घ्यायचा असो वा खासगी रुग्णालयात. दर ठिकाणी नव्याने तुकडे घेतले की खाली जखमेचा वण होतो, टोचलेले पाणी गाठ उचलत नाही आणि छिद्राचा धोका वाढतो. शहापूर-मुरबाडकडच्या रुग्णाने रुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतरचे पहिले काही दिवस रक्तपेढी व रात्रीची एंडोस्कोपी असलेल्या रुग्णालयाजवळच राहिलेले बरे.