पित्त म्हणजे नेमकं कोणतं? जठरातलं आम्ल आणि यकृतातलं पित्त

तेलकट-तुपकट जेवण अंगावर आलं की आपण सगळे एकच वाक्य बोलतो: "पित्त झालं." आंबट ढेकर आले तरी पित्त, छातीत जळजळलं तरी पित्त, बरगडीखाली दुखलं तरी पित्तच. एका शब्दात आपण दोन अगदी वेगळे द्रव कोंबले आहेत. (आयुर्वेदातला पित्तदोष ही आणखी वेगळी कल्पना, तिच्याबद्दल इथे बोलत नाही.)

उलटीत हे दोन्ही डोळ्यांना दिसतात. आंबट, दात आंबवणारं, पाण्यासारखं पडतं ते जठरातलं आम्ल. पोट रिकामं झाल्यावरही उमासे थांबत नाहीत आणि शेवटी कडूजहर, पिवळं-हिरवं काहीतरी पडतं, ते खरं पित्त. आम्ल जठराच्या भिंतीतून पाझरतं. पित्त यकृतात तयार होतं, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर, आणि जेवणांच्या मधल्या वेळात पित्ताशय नावाच्या छोट्या पिशवीत घट्ट होत साठतं.

चरबीशी खरी गाठ पडते ती पित्ताची. जठरातून स्निग्ध घास लहान आतड्याच्या सुरुवातीला उतरला की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. त्याच्या हुकमाने पित्ताशय आकसतं, नळीच्या तोंडाची झडप सैल होते आणि पित्त आतड्यात उतरतं. पित्त स्वतः चरबी पचवत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तेलकट भांड्यावर साबण जे करतो तेच ते करतं: मोठ्या थेंबांचे बारीक कण करतं. मग स्वादुपिंडातलं लायपेज, म्हणजे चरबी पचवणारं द्रव्य, त्या कणांवर काम करतं. काम झालं की पित्तातले बहुतेक क्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषले जाऊन यकृताकडे परत जातात आणि पुन्हा वापरले जातात.

मग जळजळ कुठून येते? तेच संप्रेरक जठराला सांगतं, घाई करू नकोस. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून स्निग्ध जेवण तासन्‌तास जड वाटतं. त्यातच अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडपही सैल पडते. भरलेलं जठर, सैल झडप आणि वर आपण लगेच आडवे झालो, की आम्ल वर चढतं. म्हणजे जळजळ होते तेव्हा आम्ल जास्त तयार झालेलं असतंच असं नाही. ते नको त्या जागी पोचलेलं असतं.

दुखण्याची तऱ्हाही वेगळी. आम्लाची जळजळ छातीच्या मधल्या हाडामागे असते, वाकल्यावर किंवा झोपल्यावर वाढते आणि अँटासिड घेतलं की बहुधा शमते. पित्ताशयात खडे असतील तर पित्ताशय आकसताना एखादा खडा त्याच्या तोंडाशी अडकतो. मग पोटाच्या वरच्या भागात, मध्ये किंवा उजव्या बरगडीखाली, कळ उठते. ती पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते, अर्ध्या तासापासून काही तास एकसारखी राहते आणि अँटासिडला दाद देत नाही. काळजी वाटते ती इथेच: "पित्तच आहे" म्हणत माणसं महिनोन्‌महिने गोळ्या चघळत राहतात आणि साधी सोनोग्राफी राहून जाते.

कळ काही तासांनीही थांबली नाही, सोबत ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत दाब, घाम, धाप, हातात किंवा जबड्यात जाणारी कळ असेल तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. तिथे गोळी घेऊन वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा.

आणि डॉक्टरांसमोर बसलात की नुसतं "पित्त झालं" म्हणू नका. कुठे दुखतं तिथे बोट ठेवा, जेवणानंतर किती वेळाने सुरू झालं आणि किती वेळ टिकलं ते सांगा.