फायली लाखभर, कॉपी एकच? बॅकअपचा मार्ग निवडायच्या आधी हे वाचून घ्या

नमस्कार भाऊ, नमस्कार ताई. ज्यांच्या कॉम्प्युटरमध्ये फायली मोजायच्या पलीकडे गेल्यात त्यांच्यासाठी हे पत्रक आहे, मग ते जळगाव-भुसावळचे फोटोग्राफर असोत, धुळ्याचे प्रेसवाले असोत, अमळनेर-चोपड्याचे अकाउंटवाले असोत नाहीतर रावेरकडचे केळीचे व्यापारी.

आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आल्या आल्या सगळे एकच विचारतात, "किती टीबीची हार्डडिस्क घेऊ?" आम्ही म्हणतो ते नंतर बघू. आधी हे सांगा की उद्या सकाळी कॉम्प्युटर चालूच झाला नाही तर किती वेळ थांबता येईल, आणि किती दिवसांचं काम परत करावं लागलं तरी चालेल? टॅलीवाल्याला एक दिवसाच्या एंट्र्या परत मारायच्या म्हटलं तरी घाम फुटतो, पण पाच वर्षांपूर्वीच्या लग्नाचा फोल्डर दोन दिवसांनी मिळाला तरी कोणाचं काही अडत नाही. दोघांना एकच उपाय कसा चालेल?

आधी फायली कशा आहेत ते बघा

फोल्डरवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथे साइजच्या खाली फायलींची संख्या पण दिसते, ती लोक बघतच नाहीत आणि खरा वेळ तिथेच जातो. 100 जीबीचे चार-पाच मोठे व्हिडिओ असतील तर यूएसबी 3 वर साधी हार्डडिस्क सेकंदाला 100 एमबीच्या आसपास चालते, वीस मिनिटांच्या आत काम होतं. तेच 100 जीबी जर लाखो छोट्या फायलींचे असतील, स्कॅन, पीडीएफ, थंबनेल वगैरे, तर स्पीड पार पडतो आणि मशीन रात्रभर चालू ठेवायची वेळ येते, कारण प्रत्येक फाईलसाठी डिस्कला वेगळी नोंद करावी लागते. म्हणून जुन्या, आता बदलणार नाहीत अशा छोट्या फायलींची वर्षवार झिप बनवून ठेवा. सगळ्याची मिळून एकच अवाढव्य झिप मात्र बनवू नका, ती एक खराब झाली की सगळंच अडकतं.

आता मराठी नावाच्या फायलींचं. विंडोजमध्ये फोल्डर आणि फाईल मिळून पूर्ण पत्ता साधारण 260 अक्षरांत बसावा लागतो, आणि देवनागरीत काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'लग्नपत्रिका' आपल्याला पाच अक्षरं दिसतात, कॉम्प्युटर 11 मोजतो. ग्राहकाचं नाव, गावाचं नाव, तारीख, 'फायनल', 'फायनल नवीन' असं फोल्डरात फोल्डर करत गेलं की कॉपी करताना मध्येच एरर येते, घाईत माणूस 'स्किप' दाबतो आणि ती फाईल बॅकअपमध्ये जातच नाही. प्रेसवाल्यांच्या डिस्क तपासताना हे आम्हाला नेहमी सापडतं. विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही कमांड लांब पत्ते पण कॉपी करते आणि काय कॉपी झालं, काय राहिलं त्याची यादी देते, म्हणून ढिगाने फायली असतील तर हाताने कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा ती बरी.

बाहेरची हार्डडिस्क

बहुतेकांसाठी सुरुवात इथूनच करावी असं आमचं मत आहे, स्वस्त पडते आणि डेटा परत पण लवकर मिळतो. पण एक नको, दोन घ्या. एक दुकानात, एक घरी, दर आठवड्याला अदलाबदल करायची. 3-2-1 चा जो नियम सांगतात तो हाच, एकूण तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. हा नियम अशा शब्दांत लोकांपर्यंत पोचवला तो पीटर क्रोग ह्या फोटोग्राफरने, त्यामुळे आमच्या स्टुडिओवाल्या भावांनी तर तो पाळायलाच पाहिजे. आखाजीच्या आसपास लग्नाच्या तारखांवर तारखा असतात, कार्ड कमी पडतं म्हणून लॅपटॉपवर एकदा कॉपी करून लगेच कार्ड फॉरमॅट मारतात. तसं करू नका, दोन ठिकाणी कॉपी होऊन चार-पाच फोटो आणि एखादा व्हिडिओ उघडून बघेपर्यंत कार्ड तसंच राहू द्या. कार्ड परत विकत मिळतं, हळद परत लागत नाही.

कॉपी झाली की डिस्क काढून ठेवायची, कायम लावून ठेवायची नाही. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला तेव्हा दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर लॉक झाले होते, आणि असा रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, मशीनला जे जे ड्राइव्ह लावलेले दिसतील ते सगळे लॉक करतो, त्यात तुमची बॅकअपची डिस्क पण आली. कपाटात ठेवलेल्या डिस्कला तो हात लावू शकत नाही.

आपल्याकडचा उन्हाळा पण लक्षात घ्या. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, त्यात बंद दुकान, त्यात टेबलाच्या खणात डिस्क ठेवून तीन-चार तास कॉपी, ती तापणारच. उघड्यावर ठेवा, पंख्याखाली ठेवा, जमलं तर सकाळी लवकर कॉपी लावा. आणि यूपीएसशिवाय मोठी कॉपी लावूच नका, मध्येच लाईट गेली तर अर्धवट लिहिलेली फाईल तर जातेच, कधीकधी पूर्ण डिस्कच 'फॉरमॅट करा' म्हणायला लागते. असा मेसेज आला तर फॉरमॅट दाबू नका, डिस्क काढा आणि आमच्याकडे आणा.

एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) रोजच्या कामाला उत्तम आहे, पण भरून वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला साधी हार्डडिस्कच बरी, कारण एसएसडी करंटशिवाय फार काळ पडून राहिली तर त्यातला डेटा जाऊ शकतो. आणि 'दोन टीबीचा पेनड्राइव्ह' अगदी मातीमोल भावात दिसला तर सोडून द्या. ते बहुतेक नकली असतात, आत जागा थोडीशीच असते पण कॉम्प्युटरला दोन टीबी दाखवतात, फायलींची नावं दिसत राहतात पण उघडायला गेलं की आत काही नसतं.

क्लाउड चांगलं, पण आधी हिशोब करा

इंटरनेटचा स्पीड बघताना अपलोडचा बघा, जाहिरातीत बहुतेक डाउनलोडचाच आकडा मोठा लिहिलेला असतो. 20 एमबीपीएस (सेकंदाला 20 मेगाबिट, म्हणजे अडीच एमबी) अपलोड असेल तर 1 टीबी वर चढवायला साडेचार दिवसांच्या वर लागतात, ते पण लाईट आणि नेट एकदाही न जाता. 100 एमबीपीएसने तोच डेटा खाली उतरवायला 22 तास. म्हणून स्टुडिओचे सगळे रॉ फोटो क्लाउडवर टाकायच्या भानगडीत पडू नका, फायनल अल्बमचे जेपीजी, टॅलीचा बॅकअप, डिझाइनच्या मूळ फायली एवढंच टाका. गूगलचे फुकटचे 15 जीबी जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून असतात, ते भरले की मेल येणं पण बंद होतं, आणि नेमकं रिटर्न भरायच्या दिवसांत हे कळलं की धावपळ होते.

एक गैरसमज मात्र फार आहे. ड्राइव्हचा फोल्डर कॉम्प्युटरला जोडला, तो आपोआप सिंक होतो, म्हणजे बॅकअप झाला असं लोक धरून चालतात. सिंक म्हणजे इथे जे होईल तेच तिथे. इथे फोल्डर डिलीट झाला की तिथला पण जातो, ट्रॅशमध्ये 30 दिवस असतो आणि नंतर कायमचा जातो. रोबोकॉपीचा मिरर पर्याय पण असाच आहे, मूळ जागेतून उडालेली फाईल तो बॅकअपमधून पण उडवतो. दोन डिस्कवाला नॅस (नेटवर्कला जोडून सगळ्या मशीनवरून वापरता येणारा डिस्कचा डबा) घेतला आणि त्यात एकसारख्या दोन कॉपी ठेवल्या तरी तेच. एक डिस्क बंद पडली तर वाचाल, पण चुकून डिलीट झालेलं दोन्हीकडून जातं. चार-पाच मशीनचं ऑफिस असेल तर नॅस घ्याच, पण स्नॅपशॉट (ठराविक वेळी फायली जशा होत्या तशा जपून ठेवायची सोय) चालू करून घ्या आणि त्याचा पण वेगळा बॅकअप ठेवा. एकटा कॉम्प्युटर असेल तर फ्रीफाईलसिंक हे सॉफ्टवेअर चालतं, त्यात व्हर्जनिंग चालू केलं की बदललेल्या आणि उडालेल्या फायलींच्या जुन्या कॉपी वेगळ्या फोल्डरात राहतात.

टॅली आणि अकाउंटवाल्यांसाठी

टॅली चालू असताना डेटा फोल्डर कॉपी करू नका, फाईल अर्धवट येऊ शकते. सगळ्या मशीनवरची टॅली बंद करून नाहीतर टॅलीच्याच बॅकअपने घ्या, आणि फोल्डरला तारीख द्या, कालच्यावर आजचं चढवू नका. जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळायचे असतात, म्हणून मार्चअखेरचा एक पूर्ण बॅकअप दरवर्षी वेगळा काढून ठेवा, त्याला नंतर हात लावायचा नाही.

घेतलेला बॅकअप परत उघडून बघा

पत्रकातलं बाकी विसरलात तरी चालेल, एवढं करा. महिन्यातून एकदा बॅकअपची डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावा, कुठलाही एक जुना फोल्डर डेस्कटॉपवर कॉपी करा आणि आतल्या फायली उघडा. नुसती नावं बघून भागत नाही. टॅली असेल तर रिस्टोअर करून मागच्या महिन्याची ट्रायल बॅलन्स जुळवा, पण हे चालू कंपनीवर नाही, वेगळ्या फोल्डरात करा. व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून बघा, अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ सुरुवातीला कधीकधी छान चालतो. ह्या कामाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. डिस्क पडली, टक्-टक् आवाज यायला लागला, मग "आते काय करू भो?" म्हणत ग्राहक येतात तेव्हा आम्ही पहिलं हेच विचारतो, दुसरी कॉपी शेवटची कधी उघडली होती? आवाज येणारी डिस्क परत परत लावून बघू नका, प्रत्येक वेळी आत जास्त नुकसान होऊ शकतं.

कोणता मार्ग घ्यायचा हे ठरत नसेल तर दुकानात या, सल्ल्याचे पैसे आम्ही घेत नाही. येताना मोठ्या फोल्डरांच्या प्रॉपर्टीजचे मोबाईलवर फोटो काढून आणा, नेटच्या अपलोड स्पीडचा पण एक फोटो आणा, आणि जुनी डिस्क आणणार असाल तर तिची मूळ केबल सोबत आणा, आणि डिस्क मऊ कापडात गुंडाळून आणा, डिकीत नाही तर हातातल्या पिशवीत.