ऑइल कॅच कॅनची गरज आली कुठून?

बॉनेटखाली ॲल्युमिनियमचा एक छोटा डबा आणि त्याला जोडलेले दोन होज पाइप, एवढाच काय तो ऑइल कॅच कॅन. तो लागतो कशाला, हे समजायला मात्र बरंच मागे जावं लागतं.

पिस्टन रिंग कितीही घट्ट बसल्या तरी सिलिंडरमधला थोडा वायू त्यांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद पोकळीत, उतरतोच. हा ब्लो-बाय. त्यात न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि ऑइलचे अगदी बारीक थेंब असतात. त्याला वाट दिली नाही तर दाब वाढतो आणि ऑइल सील गळू लागतात. जुन्या गाड्यांत क्रँककेसमधून एक नळी थेट खाली रस्त्याकडे सोडलेली असे. गाडी पळू लागली की वाऱ्याच्या ओढीने वायू बाहेर. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये तोच वायू व्हॉल्व्हमधून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा आत ओढतं त्या वाटेत, परत नेण्याची सोय होती, पण सर्वसामान्यांच्या गाड्यांत ती यायला हवेच्या प्रश्नाने पेट घ्यावा लागला.

जुलै 1943 मध्ये लॉस एंजलिसवर इतका दाट, डोळे झोंबवणारा धूर उतरला की अनेकांना शत्रूचा वायुहल्लाच वाटला. आधी एका कारखान्यावर बोट ठेवलं गेलं. तो बंद केला तरी धूर हटेना. पुढे कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ आरी हाखेन-स्मित यांनी दाखवून दिलं की गाड्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणारे हायड्रोकार्बन, नायट्रोजन ऑक्साइड आणि ऊन यांच्या संयोगाने हे विष तयार होतं. अननसाच्या वासाचं रसायन अभ्यासणारा हा माणूस! गाडीच्या प्रदूषणात क्रँककेसचा वाटा मोठा होता आणि तो रोखणं सर्वात स्वस्त. म्हणून कॅलिफोर्नियात 1961 च्या मॉडेलपासून क्रँककेसचा वायू इनटेकमध्ये परत नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आला, 1963 पर्यंत तो अमेरिकाभर पोचला. इंजिन आपलाच ब्लो-बाय पुन्हा ओढून जाळू लागलं.

हवेचं भलं झालं, पण ऑइलची वाफ आता इनटेकमध्ये जाऊ लागली. कार्ब्युरेटर आणि नंतरच्या पोर्ट इंजेक्शनमध्ये हे फारसं जाणवलं नाही, कारण पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरूनच जायचं आणि ते धुऊन काढायचं. डायरेक्ट इंजेक्शनने ही धुलाई बंद केली. 1996 मध्ये मित्सुबिशीने जीडीआय, म्हणजे पेट्रोलचं डायरेक्ट इंजेक्शन इंजिन मोठ्या प्रमाणावर आणलं; आपल्याकडे अशाच इंजिनाची, चाकणच्या फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय 2013 मध्ये आली. अशा इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे तापलेल्या व्हॉल्व्हवर ऑइल भाजून त्याचा कडक काळा थर बसतो. गाडी उभी असताना चालू इंजिन थरथरतं, पिकअप मरतो. मग इनटेकचा मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारा नळ्यांचा भाग) उतरवून अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारून व्हॉल्व्ह साफ करावे लागतात. टोयोटाने 2005 पासून काही इंजिनांत दोन्ही प्रकारचे इंजेक्टर बसवले, त्याने हा त्रास बराच कमी झाला.

कॅच कॅन हा मुळात शर्यतीच्या गाड्यांचा. ट्रॅकवर ऑइल सांडू नये म्हणून एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांत 2000 सीसीपर्यंतच्या गाडीला किमान 2 लिटरची टाकी सांगितली आहे. रस्त्यावरच्या गाडीसाठी तो क्रँककेस आणि इनटेक यांच्या मधे बसतो. आतल्या आडपट्ट्यांवर किंवा जाळीवर वायू आपटतो, थेंब खाली साचतात, उरलेला वायू पुढे इनटेकमध्ये जातो. ड्रेन उघडला की पेट्रोलचा वास मारणारं पातळ तपकिरी द्रव निघतं. थंडीत पाणी मिसळून ते दुधाळ होतं. नुसता पोकळ डबा घेतलात तर त्यात ऑइल फारसं अडकत नाही, म्हणून आतली रचना बघूनच घ्यावा. आधीच बसलेला कार्बन तो काढत नाही, आणि साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीला त्याची फारशी गरजही नसते.

एका गोष्टीत मात्र तडजोड नको: डब्याचं दुसरं टोक इनटेकला परत जोडलेलंच हवं. काही गॅरेजांत त्यावर छोटा फिल्टर लावून वायू बाहेर सोडून देतात. म्हणजे पुन्हा ती 1961 च्या आधीची नळीच. क्रँककेसचा वायू बाहेर पडत नाही ना, हे भारतातही गाडीला मंजुरी देताना तपासलं जातं. शिवाय हवा मोजणाऱ्या सेन्सरचा हिशेब चुकून चेक इंजिनचा दिवा लागू शकतो, तो वेगळाच.