नियर फील्ड म्हणजे नुसतं ‘जवळ’ नव्हे

महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीत रडारवर काम करणारी मंडळी भेटली की एक वाक्य हमखास कानावर येतं: “टार्गेट पाच मीटरवर आहे, म्हणजे नियर फील्ड.” असं नसतं हो! अ‍ॅरे (ओळीने लावलेल्या अँटेना) किती रुंद आणि तरंगलांबी किती, हे कळल्याशिवाय पाच मीटर या आकड्याला अर्थ नाही.

फार फील्ड, म्हणजे टार्गेट पुरेसं लांब असणं, तुम्हाला पाठ आहे. तरंग सपाट येतो, शेजारच्या दोन अँटेनांमधला फेजचा (तरंगाच्या फेरीतल्या जागेचा) फरक सगळीकडे सारखा, एफएफटी (फेजचा एकसारखा चढ ओळखणारं गणित) मारली की कोन हातात. टॅप करायच्या कार्डांचं नियर फील्डही इथे बाजूलाच ठेवा, तो चुंबकीय जोडणीचा मामला आहे.

आपल्या नियर फील्डमध्ये गोची आहे ती तरंगाच्या बाकाची, म्हणजे तरंग सपाट न येता वक्र येण्याची. अ‍ॅरेच्या रुंदीचा वर्ग करा, दुप्पट करा, तरंगलांबीने भागा: ही नियर आणि फार फील्डमधली सीमा. ७७ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३.९ मिलिमीटर. १० सेंटिमीटरच्या अ‍ॅरेची सीमा ५ मीटरच्या आसपास, ३० सेंटिमीटरच्या अ‍ॅरेची थेट ४६ मीटर. रुंदी तिप्पट, सीमा नऊपट. हातात धरायच्या रडारला मोठा अ‍ॅरे लावलात, तर खोलीतलं सगळंच नियर फील्डमध्ये आलं.

आता त्या ३० सेंटिमीटरच्या अ‍ॅरेसमोर, बरोबर मधोमध, ३ मीटरवर कॉर्नर रिफ्लेक्टर (तरंग आला त्याच दिशेने परत पाठवणारा धातूचा कोपरा) ठेवा. मधल्या अँटेनापेक्षा टोकाच्या अँटेनापर्यंतची वाट ३.७५ मिलिमीटर जास्त, म्हणजे जवळजवळ एक अख्खी तरंगलांबी. मधून टोकाकडे जाताना फेज पूर्ण फेरी मारतो, आणि तीही मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या हिशेबाने. एफएफटी सरळ चढ शोधत असते. तो नसल्यामुळे टोकदार शिखराच्या जागी पसरट टेकाड दिसतं. लगेच निदान होतं, “कॅलिब्रेशन गेलं.”

आणि त्याच ३ मीटरवर पुन्हा कॅलिब्रेशन केलं जातं! याचा मला मनापासून राग येतो. शिखर टोकदार होतं, सगळे खूश. पण तरंगाचा बाक आता हार्डवेअरची चूक म्हणून फेजच्या तक्त्यात (प्रत्येक अँटेनाच्या दुरुस्तीच्या यादीत) शिरलेला असतो, आणि लांबची गाडी पाहायला गेलात की ती फिसकटते. गाळ्यात ४६ मीटर मोकळी जागा मिळत नाही, हे मान्य. मग रिफ्लेक्टरपासून प्रत्येक अँटेनाचं अंतर काढा, तेवढा फेज आधी वजा करा आणि उरेल तेवढाच तक्त्यात जाऊ द्या.

“चिर्पमधून, म्हणजे वारंवारता बदलत जाणाऱ्या सिग्नलमधून, अंतर मिळतंच की, मग बाकाची काय काळजी?” हा युक्तिवाद उलटा आहे. ते अंतर बँडविड्थमधून (चिर्पने व्यापलेल्या वारंवारतेच्या पट्ट्यातून) येतं; ४ गिगाहर्ट्झला ३.७५ सेंटिमीटरचा बारकावा मिळतो. तेच अंतर वापरून प्रत्येक रेंज बिनला (अंतराच्या कप्प्याला) त्याच्या अंतराचा बाक काढून टाका आणि मगच कोनाची एफएफटी मारा. समोरच्या टार्गेटांना एवढं पुरतं; फार तिरक्या टार्गेटांसाठी अंतर आणि कोन मिळून एकेका बिंदूवर फोकस करावं लागतं. मिमो (अनेक ट्रान्समीटर, अनेक रिसीव्हर) असेल तर ट्रान्समीटर ते टार्गेट आणि टार्गेट ते रिसीव्हर ही दोन्ही अंतरं वेगवेगळी मोजा, कारण ट्रान्समीटर-रिसीव्हरच्या जोड्यांतून मानलेल्या व्हर्च्युअल अ‍ॅरेची बेरीज फार फील्ड गृहीत धरूनच केलेली असते.