खोल बर्फासाठी ऑफ-रोड टायर

खोल बर्फात चाक खालच्या टणक जमिनीपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे गाडीला बर्फाच्या वरूनच चालावे लागते. अशा बर्फासाठी टायर निवडताना नक्षीपेक्षा जास्त महत्त्वाचे म्हणजे अगदी कमी हवेवर तो किती लांब पसरतो आणि रिम सोडत नाही ना. या विषयातले बरेचसे व्यवहारज्ञान आइसलँडमधले आहे. तिथे रस्ता सोडून गाडी घालायला कायद्याने बंदी आहे, पण गोठलेल्या, बर्फाच्छादित जमिनीवर आणि हिमनद्यांवर परवानगी असते. त्यामुळे हिवाळ्यात वातनायोकुल, लांगयोकुल यांसारख्या हिमनद्यांवर ३८ ते ४६ इंची (म्हणजे तेवढ्या उंचीच्या) टायरच्या जीप सर्रास दिसतात. टोयोटाच्या तिथल्या विक्रेत्याकडे १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘आर्क्टिक ट्रक्स’ या कंपनीने याच गाड्या पुढे अंटार्क्टिकापर्यंत नेल्या.

हवा आणि पसारा

टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाइतका असतो; साईडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, ताठरपणामुळे थोडी भर पडते. सामानासकट २.४ टनांच्या गाडीत एका चाकावर ६०० किलो येतात. २५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) हवेवर त्या चाकाचा पसारा, म्हणजे जमिनीला टेकलेले क्षेत्र, सुमारे ३४० चौ. सेंमी. असतो. हवा ३ पीएसआयवर आणली की हिशेबाने तो २,८०० चौ. सेंमी. व्हायला हवा. प्रत्यक्षात काही भार साईडवॉल स्वतःच उचलते, त्यामुळे ३८ इंची टायरला दीड-दोन हजारांवर समाधान मानावे लागते. तेही चार ते सहा पट झाले. ताज्या कोरड्या बर्फाची घनता घनमीटरला ५० ते १०० किलोच असते, वाऱ्याने दाबलेल्याची ३५० ते ४०० पर्यंत जाते. पहिल्यासाठी २–३ पीएसआय लागते, दुसऱ्यावर ८–१० चालते.

पसारा रुंदीने वाढवावा की लांबीने, यावर वाद झडतात. हातभर बर्फाखाली टणक रस्ता असेल तर अरुंद टायर बर्फ कापून खाली टेकतो आणि तोच बरा. तळ न लागणाऱ्या बर्फात मात्र पसारा हवाच, आणि तो शक्यतो लांबीने. रुंद चाकाला पुढचा जास्त बर्फ दाबत जावे लागते, म्हणजे इंजिनाची ताकद बर्फ ढकलण्यातच खर्ची पडते. लांब पसारा मागच्या भागाने पुढच्याच चाकोरीत चालतो. म्हणून आधी उंची बघावी, मग रुंदी. ३१ इंची टायर ८ सेंमी. दबला तर जमिनीवरची लांबी साधारण ४८ सेंमी. होते, ३८ इंचीची ५३. शिवाय उंच टायरमुळे डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटणारी, धुरीवरची गिअरपेटी) आणि गाडीचे पोट वर राहते. पोट बर्फावर टेकले की चारही चाके हलकी होऊन जागीच फिरतात.

माप

मेट्रिक माप इंचांत आणणे सोपे आहे. ३१५/७५ आर १६ म्हणजे ३१५ मिमी. रुंदी, तिच्या ७५ टक्के साईडवॉल, १६ इंची रिम. साईडवॉल दोनदा धरून एकूण उंची ३४.६ इंच. जिम्नीसारख्या हलक्या गाडीला ३३ इंची पुरतो. हायलक्स किंवा लँड क्रूझरला ३८ ही नेहमीची पायरी आहे. ४४ इंची टायर लांबच्या हिमनदी-मोहिमांसाठी. नोकियनचा ‘हक्कापेलिट्टा ४४’ (४७५/७० आर १७) आर्क्टिक ट्रक्सबरोबर खास यासाठीच घडवलेला.

टायर मोठा केला की बाकीचे ओघाने येते: फेंडर कापणे, सस्पेन्शन उचलणे, डिफरन्शियलचे गिअर बदलणे. ३१ वरून ३८ वर गेल्यास गाडी एका फेऱ्यात साडेबावीस टक्के जास्त अंतर तोडते, म्हणजे स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि पहिला गिअर तेवढाच ‘लांब’ होतो, त्याचा जोर कमी पडतो. गिअर न बदलता नुसता टायर चढवलेली गाडी खोल बर्फात क्लच जाळते.

साईडवॉल, रबर, नक्षी

इथे दुकानातला सल्ला बहुधा उलटा पडतो. दगडधोंड्यांसाठी शिफारस होणारा दहा प्लायचा (दहा थरांच्या ताकदीचा), लोड रेंज म्हणजे भारक्षमतेची श्रेणी ‘ई’ असलेला टायर ३ पीएसआयवरही ताठच उभा राहतो. खोल बर्फाला मऊ साईडवॉलचा, गाडीच्या वजनाला पुरेल एवढ्याच लोड रेंजचा रेडियल घ्यावा. जुन्या पद्धतीचे, तिरक्या धाग्यांचे बायस-प्लाय टायर थंडीत रात्रभर उभे राहिले की तळाशी चपटे होतात आणि सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी धडधडते.

रबर थंडीत लवचीक राहणारे हवे. मड-टेरेनचे मोठे ठोकळे चिखलात उत्तम, पण त्यांचे रबर बहुतेकदा थंडीत कडक होते आणि गुळगुळीत बर्फावर घसरते. ठोकळ्यांवर बारीक चिरा असलेला ऑल-टेरेन किंवा हिवाळी टायर त्याहून उजवा. ‘एम+एस’ (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही खूण कंपनी स्वतःच छापते. डोंगर आणि हिमकणाची खूण चाचणीनंतरच मिळते, पण ती चाचणी दाबलेल्या बर्फावर होते; खोल बर्फाबद्दल ती काहीच सांगत नाही. खिळ्यांचा उपयोग निसरड्या कडक बर्फावर. आइसलँडमध्ये ते १ नोव्हेंबर ते १४ एप्रिल एवढ्याच काळात चालतात.

रिम आणि बीड

कमी हवेवर नेहमी होणारी गडबड म्हणजे बीड, म्हणजे टायरची रिममध्ये बसणारी कड, रिमवरून उतरणे. वळताना किंवा तिरक्या उतारावर टायर बाजूला ओढला जातो, फस्स आवाज होतो आणि चाक बसते. उपाय तीन: ट्रेडच्या (टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या नक्षीदार भागाच्या) जवळपास रुंदीची रिम (१५.५ इंच रुंदीच्या टायरला १२ ते १४ इंच), बोल्टने आवळणारे बीडलॉक, किंवा बीड रिमला चिकटवणे. रिमचा व्यास मात्र लहान हवा. ३८ इंची टायरला १५ इंची रिमवर २९ सेंमी. साईडवॉल मिळते, १८ इंचीवर २५. आत ट्यूब घातली असेल तर टायर रिमवर सरकताना व्हॉल्व्हचे नाक तुटते.

उतरलेले बीड जागेवर आणताना चाक जॅकवर घ्यावे, बीड आणि रिममधला बर्फ पूर्ण काढून कोरडे पुसावे. व्हॉल्व्हची पिन काढावी, ट्रेडभोवती रॅचेटचा पट्टा आवळावा आणि कॉम्प्रेसर सोडावा. पट्ट्याने टायरच्या कडा बाहेर फुगून रिमला टेकतात. बीड बसल्याचे दोन टणत्कार ऐकल्यावर पिन लावायची. ज्वालाग्राही वायू आत मारून पेटवायची युक्तीही आइसलँडमध्ये वापरात आहे. तीत टायर फुटण्याचा धोका आहेच. शिवाय जळालेला वायू लगेच थंड होऊन आकसतो आणि हवा तत्काळ भरली नाही तर बीड पुन्हा आत ओढले जाते.

हवा मोजताना

साध्या पंपावरचा ० ते ६० पीएसआयचा काटा इथे निरुपयोगी; ० ते १५ चा गेज हवा. +१५ अंशांच्या गॅरेजमध्ये ३ पीएसआयवर सोडलेला टायर −१५ मध्ये १.२ वर येतो, कारण थंडीने आकसते ती वातावरणाच्या १४.७ सकट धरलेली एकूण हवा. उलट समुद्रसपाटीवरून १,७०० मीटरवर चढल्यास बाहेरचा दाब घटून गेज सुमारे २.७ पीएसआय जास्त दाखवतो. म्हणून हवा बर्फाच्या कडेला पोहोचून, टायर थंड असताना सोडायची आणि चढताना पुन्हा तपासायची. साईडवॉलवर आडव्या सुरकुत्या दिसू लागल्या, तरी रिम जमिनीपासून चार बोटे वर आहे, ही योग्य अवस्था. या हवेवर वेग ताशी २०–३० किमी.च्या आत ठेवावा. चाक जागीच फिरू लागले की ॲक्सिलरेटर सोडावा. घर्षणाने खालचा बर्फ वितळून त्याची निसरडी वाटी तयार होते. तशा वेळी आपल्याच चाकोरीतून मागे येऊन पुन्हा पुढे घ्यावे, आणि तरीही जमत नसेल तर आणखी अर्धा पीएसआय सोडावा.

परत डांबरावर येताच हवा भरायची, नाहीतर साईडवॉल तापून आतून फाटते. भरण्याआधी रिमच्या आतला गोठलेला बर्फ खरवडावा; तो राहिला तर वेग वाढताच स्टिअरिंग थरथरते.

भारतातला वापर

नोव्हेंबर २०१० मध्ये रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली अंटार्क्टिकातल्या भारताच्या मैत्री तळावरून दक्षिण ध्रुवावर गेलेल्या पहिल्या भारतीय मोहिमेने आर्क्टिक ट्रक्सच्याच गाड्या वापरल्या. मोहीम वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राची (आताचे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र) होती. पुण्या-मुंबईहून जानेवारीत स्पिती किंवा लाहौलला जाणाऱ्या थार-जिम्नीवाल्यांना मात्र ३८ इंचांची गरज नाही. तिथला बर्फ रस्त्यावरचा, दाबलेला, आणि बाजूला दरी. कंपनीच्या मापाचे ऑल-टेरेन टायर, १८–२० पीएसआय हवा आणि चारही चाकांना साखळ्या हे तिथे जास्त कामाचे.

जुना टायर घेताना

मोठे टायर महाग, त्यामुळे वापरलेल्यांचा बाजार मोठा आहे. साईडवॉलवरचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पुष्कळ ट्रेड उरलेला पण जुना टायर थंडीत कडक झालेला असतो. टायर रिमवरून उतरवूनच बघावा. आत काळी रबरी भुकटी किंवा गोल घासलेली पट्टी दिसली, तर तो कमी हवेवर डांबरी रस्त्यावर पळवलेला आहे. तसा टायर घेऊ नये.