सरकारी अनुदान मिळालं? मग आकडा लोकांना दिसतोच

(हिशेब, ऑडिट आणि धर्मादाय कार्यालयाची कामं आमच्याकडे देणाऱ्या नागपूर व आसपासच्या संस्थांसाठी)

नमस्कार.

आमच्याकडे वाचनालयं येतात, वसतिगृहं येतात, महिला मंडळं, क्रीडा मंडळं, बालगृह चालवणाऱ्या संस्था येतात. त्यांतल्या ज्यांना शासनाचा पैसा मिळतो, त्यांच्या सचिवांची एक तक्रार ठरलेली असते. कुणीतरी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलेला असतो, नाहीतर वार्षिक सभेत वस्तीतला एखादा उभा राहून "पाच लाख आले म्हणे, गेले कुठं?" असं विचारतो. मग सचिव फाइल घेऊन आमच्या टेबलापाशी बसतात आणि म्हणतात, "साहेब, त्याले काहून सांगायचं? आपण काही खाल्लं थोडीच हाये!"

सांगायचं यासाठी, की त्याला ते बहुधा आधीच माहीत असतं. देणगी देणाऱ्याने नाव गुप्त ठेवायला सांगितलं तर ठेवता येतं. शासनाने दिलेल्या रकमेचं तसं नाही. ती मंजूर झाली त्या दिवसापासून चार ठिकाणी लिहिली जाते, आणि त्यांतली बरीच ठिकाणं कुणालाही घरबसल्या बघता येतात.

आकडा कुठं कुठं दिसतो

पहिलं ठिकाण शासन निर्णयाचं. मंत्रालयातून निघालेला जीआर राज्य शासनाच्या संकेतस्थळावर चढतो, त्याच्या शेवटी लांबलचक संकेतांक असतो, आणि अनुदान मंजुरीचा असेल तर बऱ्याचदा सोबतच्या विवरणपत्रात संस्थेचं नाव आणि रक्कम असते. कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्याखाली, किती निधी वाटला गेला, हे राज्याच्या बीम्स या अर्थसंकल्प वितरण प्रणालीवर दिसतं. तिथे तुमच्या संस्थेचं नाव नसेल, पण विभागाला किती पैसा सुटला हे कळतं.

केंद्राच्या योजनेतून पैसा हवा असेल तर नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नोंदणी लागते. तिथल्या तुमच्या पानावर विश्वस्तांची नावं, कोणत्या वर्षी कोणत्या विभागाकडून किती रक्कम, कशासाठी, हे सगळं तुम्हीच भरलेलं असतं आणि ते कुणालाही उघडून वाचता येतं. अर्ज करताना घाईघाईत भरलेलं ते पान नंतर वर्षानुवर्षं कुणी उघडतही नाही, ही बाब वेगळी. शिवाय केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम (जीएफआर) २०१७ प्रमाणे स्वयंसेवी संस्थांना दिलेली १० लाख ते ५० लाखांची अनुदानं संबंधित मंत्रालयाने आपल्या वार्षिक अहवालात संस्थेच्या नावानिशी दाखवायची असतात. त्यावरची असतील तर संस्थेचा अहवाल आणि हिशेब संसदेच्या पटलावर जातात.

आणि माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चं कलम ४ आहेच. अर्थसहाय्याच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम वाटली, लाभ कुणाला मिळाला, हे प्रत्येक सरकारी कार्यालयाने कुणी न विचारता जाहीर करावं असं त्यात म्हटलं आहे. सगळी कार्यालयं ते करतात असं आम्ही म्हणणार नाही. पण अर्जदाराने कलमाचा नुसता उल्लेख केला तरी कागद निघतात.

राहिलं धर्मादाय कार्यालय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली तुमचा ताळेबंद आणि जमाखर्च दरवर्षी तिथे जातो. ठरलेली फी भरून त्याची नक्कल मागता येते.

भानगड कुठं होते

अनुदान घेण्यात गैर काहीच नाही. आमच्या पाहण्यात बहुतेक तक्रारींमागे चोरी नसते. वेगवेगळ्या कागदांवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, एवढंच असतं. एक उदाहरण बारकाईने पाहू.

समजा, एका संस्थेला शासन निर्णयाने ५,००,००० रुपये मंजूर झाले. विभागाला निधी कमी सुटला म्हणून पहिला हप्ता ३,००,००० चा निघाला आणि तो २८ मार्चला खात्यात पडला. उरलेले २,००,००० पुढच्या वर्षी जुलैत आले. संस्थेच्या हिशेबनिसाने पहिल्या वर्षी तीन लाख दाखवले, दुसऱ्या वर्षी दोन. हिशेब अगदी बरोबर आहे. पण वस्तीतल्या माणसाच्या हातात पाच लाखांचा जीआर आहे आणि त्याच वर्षाच्या ऑडिटमध्ये त्याला तीन लाखच दिसतात. त्याच्या लेखी दोन लाख गायब! त्यातही २८ मार्चला आलेले तीन लाख ३१ मार्चच्या आत खर्च होणं शक्य नसतं, म्हणून ते ताळेबंदात देणे बाजूला "अखर्चित अनुदान" म्हणून बसतात. मग त्याला जमाखर्चाच्या पत्रकात काहीच सापडत नाही आणि प्रकरण तक्रारीपर्यंत जातं.

याला उपाय सोपा आहे. ऑडिट रिपोर्टला एक पानाचं अनुदान विवरण जोडायचं: मंजुरी आदेशाचा क्रमांक व तारीख, मंजूर रक्कम, प्रत्यक्ष मिळालेली रक्कम तारखेसह, खर्च, शिल्लक. कायद्याने हे पान सक्तीचं नसलं तरी आम्ही ते प्रत्येक अनुदानित संस्थेला जोडायला लावतो. काही कोषाध्यक्षांना हा आमचा हट्ट वाटतो. असू दे.

दुसरी गोष्ट खरं तर हिशेबनिसाच्या आळसाची. धर्मादाय कार्यालयाच्या अनुसूची नऊमध्ये, म्हणजे आपण ज्याला शेड्यूल नाइन म्हणतो त्यात, उत्पन्नाच्या बाजूला "देणग्या" आणि "अनुदाने" अशा वेगळ्या ओळी आहेत. तरी शासनाची रक्कम देणग्यांत ढकलून दिलेले कितीतरी जुने हिशेब आमच्यासमोर येतात. बेरीज तीच येते, पण बघणाऱ्याला अनुदानाच्या ओळीत शून्य दिसतं. सरकारचा पैसा लपवला, असा अर्थ काढायला त्याला तेवढं पुरे.

आमदार–खासदार निधीतलं सभागृह

इथे गोंधळ सगळ्यात जास्त. संस्थेच्या जागेवर आमदार किंवा खासदार निधीतून समाजभवन उभं राहतं, वाचनालयाची खोली होते, व्यायामशाळेला शेड पडतं. भिंतीवर फलक लागतो: अमुक निधीतून, इतके लाख. लोक समजतात, तेवढे लाख संस्थेला मिळाले. प्रत्यक्षात त्यातला रुपयाही संस्थेच्या खात्यात येत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयातून प्रशासकीय मान्यता निघते आणि काम करते ती कार्यान्वयन यंत्रणा, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग यांपैकी कुणीतरी. निविदा त्यांची, बिलं त्यांची, मोजमाप पुस्तक त्यांचं.

तेव्हा असा प्रश्न आला तर "आम्हाला काही मिळालं नाही" असं तुटक उत्तर देऊ नका. ते खरं असूनही खोटं वाटतं, कारण इमारत समोर उभी असते. प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक द्या, काम कोणत्या यंत्रणेने केलं ते सांगा, खर्चाचा तपशील तिथे मिळेल असं लिहा. आणि अशी मालमत्ता संस्थेच्या ताब्यात असेल तर वार्षिक अहवालात तिचा उल्लेख असू द्या. तुमच्या हिशेबात तिची किंमत नाही म्हणून ती नाहीच, असं होत नाही.

उपयोगिता प्रमाणपत्र

मिळालेला पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला, असं लिहून देणारं हे प्रमाणपत्र. त्यावर थोडक्यात. केंद्राच्या अनुदानाचं प्रमाणपत्र जीएफआर १२-अ या नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत द्यायचं असतं. राज्याच्या अनुदानात मुदत मंजुरी आदेशात लिहिलेली असते. आदेशाचं शेवटचं पान वाचा, अटी तिथेच असतात. अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याज संस्थेचं नव्हे. केंद्राच्या अनुदानाचं व्याज परत भरावं लागतं, म्हणून त्या पैशाचं खातं वेगळं ठेवलेलं बरं. एकाच कामासाठी दोन विभागांकडे अर्ज केला असेल तर तो दोन्हीकडे सांगायचा. आणि वर्षाला २५ लाख किंवा जास्त अनुदान असून ते तुमच्या एकूण खर्चाच्या ७५ टक्के किंवा अधिक असेल, तर महालेखापालांचे, म्हणजे सरकारी पैशाचं ऑडिट करणाऱ्या कार्यालयाचे, लोकही वह्या तपासू शकतात. विदर्भ–मराठवाड्याचं त्यांचं कार्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्येच आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज आला तर

आधी अर्ज कुणाच्या नावाने आहे ते बघा. दोन प्रकार असतात.

अर्ज सरकारी कार्यालयाकडे गेला असेल आणि त्यांनी तुम्हाला पत्र पाठवून "त्रयस्थ पक्ष" म्हणून म्हणणं मागवलं असेल, तर ते कलम ११ खालचं पत्र आहे. तुमच्याकडे १० दिवस असतात. आक्षेप घ्यायचा तर कारण द्यावं लागतं, आणि "अर्जदार आमचा विरोधक आहे" हे कारण होत नाही. माहिती कशासाठी हवी हे अर्जदाराने सांगण्याची गरज नाही, असं कायदाच म्हणतो. मंजूर रक्कम, प्रमाणपत्र, ऑडिट यांना आक्षेप घेऊ नका, असाच आमचा सल्ला आहे. तो टिकत नाही आणि वर संशय वाढतो.

अर्ज थेट संस्थेच्या नावाने आला असेल, तर प्रश्न येतो की संस्था "सार्वजनिक प्राधिकरण" आहे का, म्हणजे माहितीचा कायदा तिला थेट लागू होतो का. शासनाच्या पैशावर भरीव प्रमाणात चालणारी अशासकीय संस्थाही कलम २ प्रमाणे त्यात येते. भरीव म्हणजे किती, यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल माहीत असावेत. २०१३ साली केरळच्या थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की नुसतं अनुदान किंवा सवलत मिळते म्हणून संस्था प्राधिकरण होत नाही. त्या पैशाविना ती चालणं कठीण व्हावं इतका तो असला पाहिजे. २०१९ साली डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या निकालात सांगितलं की त्यासाठी हिस्सा ५० टक्क्यांच्या वरच असावा असं काही नाही, आणि शहरातली जमीन फुकट किंवा मोठ्या सवलतीत मिळाली असेल तर तेवढ्यानेही भरीव अर्थसहाय्य ठरू शकतं. नाममात्र भाड्याच्या प्लॉटवर उभ्या असलेल्या नागपुरातल्या संस्थांनी हे दुसरं वाक्य पुन्हा वाचावं.

तुमची संस्था त्यात बसत असेल तर जन माहिती अधिकारी नेमायचा, ३० दिवसांत उत्तर द्यायचं. विनाकारण उशीर झाला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड आहे, आणि तो त्या अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. बसत नसेल तर तसं कारणासह कळवायचं. पण उत्तरच न देणं, रजिस्टर पोस्ट परत पाठवणं, हे करू नका. तसंही अर्जदार दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून धर्मादाय कार्यालयात तोच अर्ज टाकेल आणि तुमचेच कागद दोन रुपये पानाने घेऊन जाईल.

डिसेंबर महिन्याबद्दल एक वेगळी सूचना. अधिवेशन नागपुरात भरलं की अनुदानांवरचे प्रश्न विधिमंडळात येतात, आणि मग विभागातून फोन येतो: "आजच्या आज माहिती पाठवा." तेव्हा कपाट उपसत बसण्यापेक्षा वर सांगितलेलं एक पानी विवरण नोव्हेंबरातच तयार असू द्या.

काय द्यायचं नाही

पैशाचा हिशेब उघड, माणसांची खासगी माहिती नाही. वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, लाभार्थ्यांचे बँक तपशील, रुग्णांची नोंद कुणी मागितली तर थांबा आणि आम्हाला विचारा. बालगृहांनी तर विशेष जपायचं: काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख माध्यमांतून उघड करायला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. अनुदानातून गणवेश वाटले म्हणून मुलांचे चेहरे आणि नावं फेसबुकवर टाकणारे उत्साही कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत. वाटलेल्या गणवेशांची संख्या आणि बिल पुरेसं आहे.

फलक लावा

हे आमचं मत, नियम नव्हे. संस्थेच्या दारातल्या सूचना फलकावर दरवर्षी एक कागद लावा. वाचनालय असेल तर त्यावर एवढंच: "सन अमुक, परिरक्षण अनुदान, ग्रंथालय संचालनालय. पहिला हप्ता इतका, तारीख. दुसरा हप्ता इतका, तारीख. पैकी पगार, ग्रंथखरेदी, वृत्तपत्रं व नियतकालिकं, इतर. हिशेब पाहायचा असल्यास शनिवारी संध्याकाळी कोषाध्यक्षांना भेटा." सही, शिक्का. मोठ्या अक्षरात, मराठीत, आणि काचेच्या आत. नाहीतर पहिल्याच पावसात जातो. ज्या संस्थांनी हे सुरू केलं त्यांच्याकडे शनिवारी हिशेब बघायला फारसं कुणी येत नाही.

ऑडिटला येताना

वर्ष ३१ मार्चला संपतं आणि ऑडिट सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवं. कृपया २५ सप्टेंबरला पिशवी घेऊन येऊ नका, जून–जुलैत या. बँक पासबुक आणि पावत्या सगळेच आणतात. अनुदानित संस्थांनी त्याशिवाय मंजुरी आदेशाची पूर्ण प्रत, सगळ्या पानांसह, आणावी. आधी दिलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रांच्या पोचा, अखर्चित रक्कम परत भरली असेल तर चलन, आणि दर्पण पोर्टलचा लॉगिन ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो तो माणूस, हेही लागतं. हा शेवटचा बहुतेक वेळा जुना सचिव असतो आणि तो पुण्याला मुलाकडे गेलेला असतो. म्हणून नंबर वेळीच बदलून घ्या. विश्वस्त बदलले असतील तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाचा अहवाल, दाखल झाला का, तेही त्याच भेटीत बघून घेऊ.

माहिती अधिकाराच्या अर्जाचं किंवा कलम ११ च्या पत्राचं उत्तर आमच्याकडून लिहून हवं असेल तर मूळ अर्ज लिफाफ्यासकट आणा. मुदत पत्र मिळाल्यापासून मोजतात, आणि टपालाचा शिक्का लिफाफ्यावरच असतो.