चार्ल्सची जोड बिव्होलशी लावायची तर

सांगली जिल्ह्यातल्या तालमींत एक वाद जुनाच आहे: कवठेपिरानचे मारुती माने ऐन उमेदीत आजच्या मॅटवर उतरले असते, तर काय झालं असतं? १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलेला हा मल्ल. पण तो तांबड्या मातीत तयार झाला, आणि आजचा पैलवान तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण मोजत लढतो. वस्ताद एक सांगतात, पोरं दुसरंच सांगतात, आणि शेवटी ‘त्याला काय अर्थ नाही’ म्हणून विषय सोडला जातो.

मला त्यात पुष्कळ अर्थ दिसतो. दोन काळांतल्या मल्लांची जोड कागदावर लावणं हा संख्याशास्त्राचा आणि शरीरशास्त्राचा खराखुरा प्रश्न आहे. तो सोडवून बघायला सगळ्यात सोयीचा खेळ म्हणजे बॉक्सिंग, आणि त्यातही लाइट हेवीवेट गट. हेवीवेटला वरची मर्यादाच नाही. रॉकी मार्सियानो ८५ किलोंच्या आसपास होता, आजचा टायसन फ्युरी १२० च्या आसपास. त्यांची तुलना सुरू होण्याआधीच बिघडते. लाइट हेवीवेटची मर्यादा मात्र सुमारे शंभर वर्षं तीच आहे: १७५ पौंड, म्हणजे ७९.४ किलो. काटा तोच, माणसं बदलत गेली.

या गटातला सर्वश्रेष्ठ म्हणून अनेक जाणकार एझर्ड चार्ल्स या अमेरिकन बॉक्सरचं नाव घेतात. गंमत अशी की या गटाचं विजेतेपद लढायची संधी त्याला कधी मिळालीच नाही. तो पुढे १९४९ मध्ये हेवीवेटचा विजेता झाला. मग त्याला इतका मान कशासाठी? कारण १९४६ ते १९४८ या काळात त्यानं आर्ची मूरला तीन वेळा हरवलं, आणि हा मूर पुढे जवळजवळ दहा वर्षं लाइट हेवीवेटचा विजेता राहिला.

तीनपैकी तीन. यातून किती निष्कर्ष काढायचा? दोघं अगदी बरोबरीचे असते, तरी ठरावीक एकानं सलग तीन लढती जिंकण्याची शक्यता आठात एक असते, म्हणजे साडेबारा टक्के. तशी फार दुर्मीळ नाही. फ्रेंच गणिती लाप्लास यानं अशा वेळी वापरायचा एक साधा नियम दिला आहे: जिंकलेल्या लढतींत १ मिळवा, एकूण लढतींत २ मिळवा आणि भागा. चार्ल्ससाठी ४ भागिले ५, म्हणजे ८० टक्के. चौथी लढत झाली असती तर चार्ल्सवर शंभरात ऐंशी भरवसा ठेवावा, त्याहून जास्त नाही. बाकीचे वीस मूरचे.

आता याच गटातली अलीकडची जोडी घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये रियाधला आर्तुर बेतेरबिएव्हनं दिमित्री बिव्होलला गुणांवर हरवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच शहरात बिव्होलनं तो निकाल फिरवला. दोन्ही वेळा तीनपैकी एका पंचाला लढत बरोबरीची वाटली होती. माणसं तीच, नियम तेच, मध्ये जेमतेम चार महिने. लाप्लासच्या नियमानं पन्नास-पन्नास. समोरासमोर लढलेल्या दोघांबद्दल एवढंच म्हणता येत असेल, तर सत्तर वर्षांचं अंतर असलेल्यांबद्दल छातीठोक बोलणाऱ्याला थोडं थांबवायला हवं.

यावरचा नेहमीचा तोडगा म्हणजे बुद्धिबळातली एलो पद्धत. अर्पाद एलो या भौतिकशास्त्रज्ञाची ही कल्पना. प्रत्येक खेळाडूला एक आकडा द्यायचा. दोघांच्या आकड्यांत २०० चा फरक असेल, तर वरच्याची जिंकण्याची शक्यता सुमारे ७६ टक्के. पण हा आकडा त्या त्या काळातल्या प्रतिस्पर्ध्यांवर ठरतो. १९४८ चा आकडा आणि २०२५ चा आकडा शेजारी ठेवायचे, तर दोन्ही काळांना जोडणारी माणसं लागतात. मूर हा असा दुवा आहे. तो दोनशेच्या वर लढती लढला. चार्ल्सशी लढला, मार्सियानोशी लढला, आणि १९६२ मध्ये कॅशिअस क्ले नावाच्या तरुणाशीही लढला. हाच क्ले मुहम्मद अली झाल्यावर, १९७२ मध्ये, तेव्हाचा लाइट हेवीवेट विजेता बॉब फॉस्टर याच्याशी लढला. झाली साखळी: चार्ल्स, मूर, अली, फॉस्टर.

पण तिच्या कड्या तपासा. क्लेसमोर मूर आला तेव्हा त्याचं वय पंचेचाळीसच्या आसपास होतं. फॉस्टर अलीपेक्षा जवळजवळ १८ किलोंनी हलका होता. दोघंही हरले, पण त्यातून दोघांची तुलना होत नाही. शिवाय ही नाती सरळ रेषेत जातात असंही नाही. जोन्स, हॉपकिन्स आणि टार्व्हर हे तीन अमेरिकन बॉक्सर घ्या. रॉय जोन्सनं १९९३ मध्ये हॉपकिन्सला हरवलं, टार्व्हरनं २००४ मध्ये जोन्सला दुसऱ्याच फेरीत झोपवलं, आणि २००६ मध्ये हॉपकिन्सनं टार्व्हरला सहज नमवलं. वर्तुळ पूर्ण. यात वयाचा आणि वजनगटाचा वाटा आहेच, पण शैलीचाही आहे. आणि शैली एका आकड्यात मावत नाही.

आता नियमांकडे येतो, कारण खरा घोळ तिथे आहे.

विनेश फोगाटचं प्रकरण आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. पॅरिसमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम कुस्ती गेली. वजन कधी करतात, यावर किती अवलंबून असतं ते तिथे दिसलं. चार्ल्स आणि मूरच्या काळी लढतीच्या दिवशीच वजन व्हायचं. १९८० च्या दशकापासून ते आदल्या दिवशी होऊ लागलं. त्यामुळे आजचा बॉक्सर घाम काढून, पाणी तोडून १७५ पौंडांत बसतो आणि रिंगमध्ये शिरेपर्यंत काही किलो परत भरून काढतो. चार्ल्सला ती मुभा नव्हती. पाणी तोडलं की रक्तातला द्रव घटतो, हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त ठोके द्यावे लागतात आणि घामावाटे उष्णता बाहेर टाकणं अवघड होतं. तेव्हा दोघं एकाच गटाचे असले, तरी लढतीच्या घटकेला बिव्होल वजनदार निघेल.

आणि उष्णता काय करते, ते २५ जून १९५२ ला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये साऱ्यांनी पाहिलं. लाइट हेवीवेट विजेता जोई मॅक्सिम आणि त्याच्याहून सातेक किलो हलका शुगर रे रॉबिन्सन. रिंगजवळ पारा ४० अंशांच्या आसपास, हवा दमट. रिंगमधला पंच रूबी गोल्डस्टीन दहाव्या फेरीनंतर उकाड्यानं गळाला. दुसरा पंच आणावा लागला. रॉबिन्सन नाचत होता, ठोसे झाडत होता, तिन्ही गुणपत्रिकांवर पुढे होता. पण स्नायू खर्च करतात त्या ऊर्जेतला चौथा-पाचवा हिस्साच कामी येतो, बाकीची उष्णता होते. हवा त्वचेपेक्षा गरम असली की ती उष्णता घालवायला घामाचं बाष्पीभवन एवढाच मार्ग उरतो, आणि दमट हवेत तोही अर्धा बंद. चैत्रातल्या जत्रेत, भर उन्हात आखाड्यात उतरलेल्या पैलवानाला हे सांगायला नको. मॅक्सिम बेतानं हलला, अंगावर रेलत राहिला. तेराव्या फेरीत रॉबिन्सनचा ठोसा हुकला आणि तो स्वतःच तोंडावर पडला. चौदाव्या फेरीला तो स्टुलावरून उठलाच नाही.

ही लढत आजच्या नियमांनी बारा फेऱ्यांची असती, तर रॉबिन्सन गुणांवर जिंकला असता. रात्र तीच, माणसं तीच, आणि निकाल उलटा.

पंधराच्या बारा फेऱ्या होण्यामागे दुःखद कारण आहे: १९८२ मध्ये डुक कू किम हा कोरियन बॉक्सर लढतीतल्या मारानं मरण पावला. बदल योग्यच होता. पण त्यामुळे जुन्या-नव्यांची जोड लावताना आधी विचारावं लागतं, लढत कुणाच्या नियमांनी? आपल्याकडे निकाली कुस्ती आणि गुणांची कुस्ती यांत जो फरक, तोच इथे. १९७० मध्ये अली आणि मार्सियानो यांची कॉम्प्युटरनं ठरवलेली लढत पडद्यावर दाखवली, तेव्हा अमेरिकेत मार्सियानो जिंकला आणि युरोपात अली. यंत्रात जे घालाल तेच बाहेर येतं.

म्हणून माझा कौल अटींसकट. पंधरा फेऱ्या आणि त्याच दिवशी वजन असेल, तर चार्ल्स बिव्होलला शंभरात पासष्ट वेळा हरवेल. चार्ल्स शंभरावर लढती लढला होता, पोटावर मारायचा, आणि अखेरच्या फेऱ्यांत त्याचा फायदा दिसला असता. बारा फेऱ्या आणि आदल्या दिवशी वजन असेल, तर बिव्होलचा डावा सरळ ठोसा आणि पावलं त्याला बरोबरीत आणतील.

फॉस्टर आणि मायकेल स्पिंक्स ही जोड मला सगळ्यात आवडते. फॉस्टरचा डावा हुक एका फटक्यात लढत संपवायचा. स्पिंक्स या गटात एकदाही हरला नाही. समजा फॉस्टरला दर फेरीत नॉकआउटची ५ टक्के शक्यता आहे, आणि लढत शेवटपर्यंत गेली तर स्पिंक्स जिंकतो. बारा फेऱ्यांत फॉस्टरची शक्यता ४६ टक्के भरते, पंधरा फेऱ्यांत ५४. फॉस्टर १९६८ ते १९७४ विजेता होता, म्हणजे पंधरा फेऱ्यांच्या काळात. स्पिंक्सही १९८३ ला पंधरा फेऱ्या लढूनच निर्विवाद विजेता झाला. दोघांच्या घरचा नियम एकच निघाला, तेव्हा इथे मी फॉस्टरच्या बाजूनं.